अडवलेली नदी मोकळी झाली

आम्ही बेने इस्राएल मूळ कोकणातले. खाडी, भरती-ओहोटी आम्हांला कोणी शिकवायला नको. म्हणून कॅनडातल्या पेटिकोडियाक नदीची ही हकीकत. १९६८ साली माँक्टनजवळ तिच्यावर भराव घालून रस्ता केला, दरवाजे बसवले. भरती अडली नि खालच्या बाजूला गाळ साचत गेला. किलोमीटरभर रुंदीचं पात्र, पण शीर तुंबावी तसं पार आकसलं. सॅमन मासा वर जाईना. माशांसाठी वाट ठेवली होती म्हणे, ती काय कामाची! भांडण वर्षानुवर्षं चाललं. वरच्या तळ्याकाठी घरं बांधलेल्यांचा विरोध, तोही समजण्यासारखा. अखेर १४ एप्रिल २०१० रोजी दरवाजे उघडले. गाळ वाहून जाऊ लागला, पात्र रुंदावलं, भरतीची लाट पुन्हा जोरात येऊ लागली. २०२१ मध्ये भरावाचा भाग काढण्यासाठी पूल खुला झाला. तळं मात्र गेलं.