टीम कोणाची? बदनाम मालकाला हाकलता येतं का?

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे एसटीत हेडफोन विसरले, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कमी केलेत.

होळीला मी खापरला घरी गेलो होतो. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात दिवाळीपेक्षा होळी मोठी. पुण्या-सुरतेला कामाला असलेली पोरं त्या आठवड्यात गावात असतात आणि मग टेनिस बॉलची स्पर्धा होते. हल्ली ती साधी राहिलेली नाही. सहा टीम, प्रत्येक टीमला मालक, खेळाडूंचा लिलाव, टी-शर्टवर मालकाच्या दुकानाचं नाव, यूट्यूबवर लाइव्ह. मी गावातला "कॉम्प्युटरवाला", म्हणून स्कोअर आणि पॉइंट टेबल माझ्याकडे.

यंदा एका मालकाने स्वतःच्याच टीमच्या हरण्यावर पैसे लावले. त्याचा स्क्रीनशॉट त्याच्याच हातून चुकून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. दोन मिनिटांत डिलीट केला, पण तोवर तीसेक जणांनी पाहिला होता. रात्री मीटिंग बसली. कमिटी म्हणाली, टीम काढून घ्या आणि दुसऱ्याला विका. तो म्हणाला, "पंधरा हजार भरलेत मी. टीम माझी आहे. कोण विकतो तेच बघतो." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "भो, तू शिकेल आहे, तू नियम काढ."

नियम काढायला बसलो आणि कळलं की हाच प्रश्न आयपीएलला पडला होता. आपल्याइतकाच त्यांचाही गोंधळ झाला होता, फक्त आकडे मोठे.

पहिली गोष्ट. २००८ मध्ये चेन्नईची टीम इंडिया सिमेंट्सने ९ कोटी १० लाख डॉलरला "विकत घेतली" असं आपण म्हणतो. पण विकत काय घेतलं? मैदान नाही, स्पर्धा नाही. बीसीसीआयशी करार करून त्या शहराच्या नावाने टीम उतरवण्याचा हक्क घेतला, आणि पहिली दहा वर्षं ती रक्कम हप्त्याहप्त्याने भरायची होती. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा गाळा असतो ना, तसं. शटर तुम्ही रंगवा, माल तुमचा, गिऱ्हाईक तुमचं. पण गाळा परस्पर दुसऱ्याच्या नावावर करायचा नाही, आणि अटी मोडल्या तर पंचायत करार रद्द करू शकते. मात्र तुमचं दुकान उचलून "हे आता शेजारच्याला विक, इतक्या किमतीला" असं पंचायत सांगू शकत नाही. आयपीएलच्या करारातही टीम रद्द करण्याची कलमं होती. त्यातलं एक असं की मालकाच्या वागण्याने लीगच्या किंवा क्रिकेटच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला तर करार संपवता येईल. मालक बदलायचा तर बोर्डाची परवानगी लागते. म्हणजे बोर्ड विक्री अडवू शकतं, टीम बंद करू शकतं. मधला रस्ता, "तू जा, टीम राहू दे", तोच अवघड.

आता २०१३. १६ मे रोजी राजस्थान रॉयल्सचे श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण यांना दिल्ली पोलिसांनी मुंबईत अटक केली. (दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ मध्ये या तिघांना त्या खटल्यातून मुक्त केलं, हेही लक्षात ठेवा.) आठवडाभराने, २४ मेला मुंबई पोलिसांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात गुरुनाथ मय्यप्पन यांना अटक केली. दोन दिवसांवर फायनल, आणि फायनलमध्ये चेन्नई. हे मय्यप्पन चेन्नईच्या डगआउटमध्ये दिसायचे. आणि ते जावई कोणाचे? एन. श्रीनिवासन यांचे, जे इंडिया सिमेंट्सचे प्रमुख होते आणि त्याच वेळी बीसीसीआयचे अध्यक्षही होते.

इथे थांबा जरा. गाळेधारक तोच, सरपंचही तोच. नोटीस कोणी कोणाला काढायची?

इंडिया सिमेंट्सने सांगितलं की मय्यप्पन मालक नाहीत, टीम प्रिन्सिपल नाहीत, व्यवस्थापनातल्या मानद सदस्यांपैकी एक आहेत. बोर्डाने दोन निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली, तिला काही चुकीचं सापडलं नाही. पण ३० जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती समिती नेमण्याची पद्धतच बेकायदा ठरवली. याचिका कोणाची होती? क्रिकेट असोसिएशन ऑफ बिहारची. म्हणजे मोठमोठ्या राज्य संघटना गप्प होत्या आणि ज्यांना बोर्डात धड जागाही नव्हती, ते कोर्टात गेले. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे सुप्रीम कोर्टाने मुद्गल समिती नेमली. मय्यप्पन हे टीमचेच पदाधिकारी होते आणि सट्टा लावत होते, असं त्यातून पुढे आलं. २२ जानेवारी २०१५ च्या निकालात कोर्टाने खरी मेख काढली. बोर्डाचा जुना नियम होता की पदाधिकाऱ्याचा बोर्डाच्या सामन्यांमध्ये धंदेवाईक हितसंबंध नसावा. २००८ मध्ये त्यात दुरुस्ती करून आयपीएलला त्यातून वगळलं होतं. कोर्टाने ती दुरुस्तीच रद्द केली आणि शिक्षा ठरवायला न्या. लोढा यांची समिती बसवली.

१४ जुलै २०१५ ला लोढा समितीने मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांना क्रिकेटशी संबंधित कामातून आयुष्यभरासाठी बाहेर काढलं आणि दोन्ही टीम दोन वर्षं निलंबित केल्या. नीट बघा, "विका" असं म्हटलं नाही. करार कायमचा संपवलाही नाही. फक्त थांबवलं.

त्याचा हिशोब आपल्या महाराष्ट्रात येऊन पडला. रिकाम्या जागांवर २०१६ मध्ये पुणे आणि राजकोट आले. धोनी पुण्याचा झाला. २०१७ ची फायनल पुणे मुंबईकडून एका धावेने हरलं आणि ती टीम संपली, कारण मुदतच दोन वर्षांची. मग २०१८ मध्ये चेन्नई परत आली, कावेरीच्या पाण्यावरून तिकडे आंदोलन पेटलं, म्हणून एका सामन्यानंतर तिचे घरचे सामने हलवले, कुठे तर पुण्याला, गहुंजेला! आणि फायनल वानखेडेवर जिंकून कप घेऊन गेली. मधल्या काळात टीम इंडिया सिमेंट्समधून काढून वेगळ्या कंपनीच्या नावावर केली होती, पण श्रीनिवासन यांचा टीमशी संबंध काही तुटला नव्हता. दोन वर्षं झळ बसली ती प्रेक्षकांना, खेळाडूंना, ग्राउंड स्टाफला.

मग सरळ करार रद्दच का नाही करायचा? केलाय ना, पण दुसऱ्या कारणांसाठी. २०१० मध्ये न विचारता मालकी बदलल्याचा आरोप ठेवून बोर्डाने राजस्थान आणि पंजाबचे करार रद्द केले. दोघांनी स्थगिती मिळवली आणि २०११ ला दोघेही खेळले. कोची टस्कर्स एकच सीझन खेळली, बँक गॅरंटी दिली नाही म्हणून २०११ मध्ये बाहेर. लवादाने २०१५ मध्ये निकाल बोर्डाच्या विरोधात दिला आणि जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, ५३८ कोटींहून जास्त. डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये गेली, २०२० मध्ये लवादाने तब्बल ४,८०० कोटींच्या आसपास रक्कम द्यायला सांगितली, पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. बोर्ड वाचलं, पण नऊ वर्षं डोक्यावर टांगती तलवार. रद्द करण्याचं बटण आहे, दाबायला धजावत नाहीत ते यामुळे.

अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथल्या एनबीएमध्ये टीमचे मालकच लीगचे सभासद. हाउसिंग सोसायटीसारखं. नियमावलीत लिहिलंय की तीन चतुर्थांश मालकांनी मत दिलं तर एखाद्या मालकाची मालकी संपवता येते. २०१४ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सचे डोनाल्ड स्टर्लिंग यांचं कृष्णवर्णीयांबद्दलचं बोलणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं. कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी चार दिवसांत तहहयात बंदी आणि २५ लाख डॉलर दंड ठोठावला आणि मतदानाची तयारी केली. पण मतदान झालंच नाही. टीम कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये होती, डॉक्टरांनी स्टर्लिंग यांना कारभार बघायला अक्षम ठरवलं आणि पत्नीने टीम स्टीव्ह बामर यांना, हो, मायक्रोसॉफ्टवाले, २०० कोटी डॉलरला विकली. स्टर्लिंग कोर्टात गेले आणि हरले. १९८१ मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतलेली टीम होती. शिक्षा म्हणावी की लॉटरी, तुम्हीच सांगा.

म्हणजे तिथेही शेवटचं बटण दाबावं लागलं नाही. पण बटण आहे, ते शेजाऱ्यांच्या हातात आहे आणि ते दाबतील, हे स्टर्लिंग कुटुंबाला दिसत होतं. आपल्याकडे २०१३ ला बटण ज्याच्या हातात, खुर्चीही त्याचीच.

तर मी खापरच्या स्पर्धेसाठी दोन पानं टाइप केली. टीम म्हणजे एका सीझनचा हक्क, मालमत्ता नाही. सट्टा सापडला तर हक्क जाईल, पण टीम आणि खेळाडू त्याच सीझनमध्ये दुसऱ्या मालकाकडे जातील, आणि जुन्याला भरलेल्यापैकी उरलेल्या सामन्यांपुरते पैसे परत. निर्णय बाकीच्या पाच मालकांपैकी चौघांनी घ्यायचा. आणि शेवटचं कलम: कमिटीत किंवा स्कोअरिंगला असलेल्या कोणाचाही कुठल्याही टीममध्ये वाटा नसावा.

मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. तो मालक मागे उभा राहून ऐकत होता. शेवटचं कलम संपल्यावर म्हणाला, "मग तुझे तीन हजार कोणाच्या टीममध्ये आहेत, तेही सांग सगळ्यांना."

खरं होतं. लिलावाच्या रात्री शाळेतल्या दोस्ताने मागितले, मी गुगल पे केले आणि विसरलो. तीन सीझन मी पॉइंट टेबल सांभाळतोय, नेट रनरेट माझ्या शीटमध्ये निघतो, आणि त्यातल्या एका टीममध्ये माझे पैसे. मी एक आकडाही बदललेला नाही. पण हे सिद्ध कसं करणार? शीटचा पासवर्ड माझ्या एकट्याकडे होता.

त्याच रात्री शीट सगळ्यांना बघता येईल अशी केली आणि स्कोअरिंग दोन कॉलेजच्या पोरींकडे दिलं. दोस्ताकडे वाटा परत मागायला गेलो तर तो म्हणाला, "भो, तुझे पैसे तर कधीच बॉलात गेले." त्या मालकाच्या टीमचं मतदान येत्या रविवारी आहे. चार मतं लागतील, तीन पक्की आहेत. चौथं मत माझ्या या दोस्ताचं, आणि तो अजून फोन उचलत नाहीये.