राखणदाराचे हृदय

जर्मनीतील अपोल्डा या गावी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लुई डोबरमान नावाचे गृहस्थ करवसुलीचे काम करीत. वसुलीच्या फेऱ्यांत सोबतीला धीट आणि इमानी राखणदार असावा म्हणून त्यांनी कुत्र्यांची एक नवी जात सिद्ध केली, असे सांगितले जाते. ‘डोबरमन’ ही ती जात. भारतातही अनेक बंगल्यांच्या फाटकांआड हा राखणदार दिसतो. या बलदंड प्राण्याचे हृदय मात्र अनेकदा दगा देते.

‘डायलेटेड कार्डिओमायोपॅथी’ या विकारात हृदयाचे स्नायू दुबळे होतात, कप्पे फुगतात आणि रक्त पुढे ढकलण्याची शक्ती घटते. ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत तो आढळतो. डोबरमनमध्ये त्याचे प्रमाण विशेष आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात हे एकत्रित प्रमाण निम्म्याहून अधिक आढळले. विकाराचे मूळ बव्हंशी आनुवंशिक आहे.

खरा धोका आहे तो त्याच्या मूकपणात. वर्षानुवर्षे कुत्रा धावतो, खातो, भुंकतो; बाहेरून काहीच जाणवत नाही. काहींच्या बाबतीत तर पहिले लक्षण म्हणजे अकस्मात मृत्यूच! म्हणूनच तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी हृदयाची सोनोग्राफी आणि चोवीस तासांची ‘होल्टर’ तपासणी करावी, असे तज्ज्ञ सुचवितात. चोवीस तासांत हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे अवेळी ठोके ३०० हून अधिक भरल्यास विकाराचे निदान जवळजवळ निश्चित मानले जाते.

वेळीच निदान झाल्याने काय साधते? २०१२ साली ७६ डोबरमनांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लक्षणे दिसण्यापूर्वीच ‘पिमोबेंडान’ हे औषध सुरू केलेल्या कुत्र्यांत हृदय निकामी होण्याचा वा अकस्मात मृत्यूचा प्रसंग मध्यमानाने ७१८ दिवसांनी ओढवला. औषध न मिळालेल्यांत तो ४४१ दिवसांनीच आला. विकार बरा होत नाही. परंतु सुमारे नऊ महिन्यांचे निरामय आयुष्य पदरी पडते.

घरीही दक्षता घेता येते. गाढ झोपेतील कुत्र्याचे श्वास मिनिटभर मोजावेत. ते वारंवार ३० च्या वर जात असतील, तर पशुवैद्यकांना विनाविलंब दाखवावे. भोवळ, खोकला, लवकर येणारा थकवा यांकडेही दुर्लक्ष करू नये. पिल्लू घेताना त्याच्या रुबाबाबरोबरच आईवडिलांच्या हृदयतपासणीचे अहवालही पाहावेत. ज्याच्या भरवशावर सारे घर निर्धास्त झोपते, त्याच्यासाठी एवढी दक्षता अधिक नव्हे.