रात्र साठवणाऱ्या भिंती

एप्रिलच्या दुपारी गाडीतळावर बसमधून उतरलं की सोलापूर रस्त्याची धग चपलेच्या तळातून वर येते. तो रस्ता सोडून पुण्यातल्या हडपसरच्या जुन्या गावठाणात शिरावं, एखाद्या दगडी घराच्या माजघरात बसावं आणि भिंतीला पाठ टेकावी. भिंत गार लागते. हा गारवा आदल्या रात्रीचा आहे. ही कविकल्पना नाही, त्याचा हिशोब मांडता येतो.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते. त्यामुळे दुपारी ३८ अंशांपर्यंत चढलेला पारा पहाटे २२ च्या आसपास उतरतो. मुंबईची रात्र इतकी निवत नाही. दिवस-रात्रीतला हा १५-१६ अंशांचा फरक म्हणजे पुण्याला फुकट मिळालेली शीतयंत्रणाच आहे, फक्त ती साठवायला जड काहीतरी हवं. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बसाल्ट, त्या कामाला उत्तम. एक घनमीटर बसाल्ट एका अंशाने तापवायला साधारण २४ लाख ज्यूल उष्णता लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायलाही जवळपास तेवढीच लागते.

आता एक घर घेऊ. त्यात आतल्या बाजूने १०० चौरस मीटर दगडी भिंत आहे. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून भिंतीचा आतला १० सेंटिमीटरचा थर सरासरी ३ अंशांनी निववला, तर साठलेला गारवा सुमारे २० युनिट भरतो. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने जवळजवळ चार तास चालला, तर खोलीतून तेवढी उष्णता बाहेर काढेल आणि त्यासाठी पाच-सहा युनिट वीज खाईल. रात्री आठ तास २०० वॉटचा एक एक्झॉस्ट पंखा लावला, तर खर्च १.६ युनिटचा. बाहेरच्या उन्हाचं काय? दीड फूट जाडीचा दगड ओलांडायला त्या उष्णतेला साधारण १२ तास लागतात. दुपारी दोनला निघालेली ऊब रात्री दोनला आत पोचते, वाटेत तिचा जोरही बहुतेक संपलेला असतो, आणि तोवर खिडक्या उघडलेल्या असतात.

जुन्या इमारतीत दवाखाना, ऑफिस, वाचनालय किंवा कॅफे थाटायचा झाला की हवा, पाणी, वीज, उजेड आणि आगीपासून बचाव यांची सोय करणारी इमारतसेवा अभियांत्रिकी कामाला लागते. नव्या इमारतीत हे काम करणारा अभियंता बहुधा कोऱ्या कागदावर आकडेमोड करतो: इतके चौरस फूट, म्हणून इतके टन एसी. जुन्या वास्तूत हे सूत्र फसतं, कारण तिथे एक यंत्रणा आधीपासून चालू असते. चौकातून गरम हवा वर जाते, तिच्या जागी झरोक्यांतून हवा आत येते, उंच कडीपाटाखाली ऊब डोक्याच्या वर राहते. सेवा पुरवण्याची ही जाण पुण्याला नवी नाही. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, ते केवळ उतारावर. वाटेत कोंडलेली हवा सुटावी म्हणून उच्छ्वास बांधले. त्यात एकही पंप नव्हता.

म्हणून जुन्या वास्तूत शिरताना पहिला प्रश्न, ‘काय बसवू?’ हा नसावा. ‘इथे काय बंद पडलंय?’ हा असावा. बहुतेक ठिकाणी उत्तर समोरच असतं. झरोके प्लायवूडने बुजवलेले, चौकावर फायबरचा पत्रा, आणि कडीपाटाखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग. माझ्या मते या सगळ्यांत भिंतींवरचं लाकडी पॅनेलिंग सर्वांत घातक. भिंतीने रात्रभर साठवलेला गारवा त्यामागे कोंडून राहतो, खोलीला तो भेटतच नाही, आणि मग दोन टनांचा एसी लागतो.

एसीने बिल वाढतं, पण जुन्या भिंतीला त्याहून मोठा धोका पाण्याचा असतो. जुलैत पुण्याचं तापमान २५-२६ अंश असतं, पण हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात. अशी हवा २३ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागाला लागली की तिथे दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. समजा, वाड्यातली खोली एसीने १९ अंशांवर नेली. आता बाहेरची दमट हवा फटींतून शिरून थंड झालेल्या तुळईवर, भिंतीत रोवलेल्या तिच्या टोकावर पाणी सोडते. ते टोक डोळ्यांना दिसत नाही. तिथे बुरशी येते, वाळवीला ओल मिळते, आणि काही पावसाळ्यांनंतर तुळई आतून पोकळ होते. चुन्याचा गिलावा ही ओल शोषून पुन्हा हवेत सोडून देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ती वाटही बंद. क्षार भिंतीतच साचतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. वाड्याच्या डागडुजीत सिमेंटऐवजी चुना मागणारा गवंडी हट्टी नसतो, त्याला हे सगळं हातांनी कळलेलं असतं.

मग उकाड्यात बसायचं का? मुळीच नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने देशातल्या पाच हवामान विभागांत केलेल्या पाहणीतून भारतीयांच्या सुखावह तापमानाचं एक सूत्र निघालं, २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनेही ते स्वीकारलं. खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत माणसाला कोणतं तापमान सुखाचं वाटतं हे गेल्या महिनाभराच्या बाहेरच्या हवेवर ठरतं. महिन्याची सरासरी ३० अंश असेल, तर २९ च्या आसपास बरं वाटतं, त्याला पंख्याची जोड मिळाली तर आणखी थोडं चालतं. जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. पंखे पुरत नसतील तेव्हा एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्याने गारवा मिळवावा. दुपारी ३८ अंश आणि आर्द्रता २०-२२ टक्के असेल, तर चांगला कूलर हवा २५-२६ अंशांपर्यंत उतरवतो. त्याला पाणी लागतं, आणि पुण्याच्या पूर्व भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना त्याचं मोल सांगायला नको. म्हणून छपराचं पाणी टाकीत साठवण्याची सोय इथे थंडाव्याच्या हिशोबातच धरावी. आणि जिथे एसी खरोखरच लागणार, म्हणजे सर्व्हरची खोली किंवा शस्त्रक्रियागृह, तिथे ती एकच खोली नीट बंदिस्त करून थंड करावी, अख्खा वाडा नव्हे.

हडपसरची दुसरी जुनी वास्तू म्हणजे कारखान्याची शेड. किर्लोस्कर न्यूमॅटिकसारखी हवेचे आणि शीतयंत्रांचे कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी १९५८ पासूनची. त्या पिढीतल्या शेडना वारसा म्हणायची आपल्याला सवय नाही, पण असं लोखंडी सांगाड्याचं, खांबांच्या अडथळ्याविना उभं असलेलं छप्पर आज नव्याने उभारायचं तर पोलाद-सिमेंटचा मोठा खर्च आहे. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उभी असलेली शेड वापरली की तो वाचतो. मात्र शेडचं शास्त्र वाड्याच्या उलट आहे. पत्र्याला वजनच नाही, त्यामुळे तो काही साठवत नाही. उन्हात तापतो आणि खालच्या माणसांवर उष्णता ओततो. तिथे आधी छपरावर पांढरा परावर्तक लेप, खाली उष्णतारोधक थर, माथ्यावर गरम हवेला वाट. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असेल, तर त्याच्या उत्तरेकडच्या काचा पुसून घ्याव्यात. थेट ऊन न येता दिवसभर उजेड मिळतो. एक गोष्ट मात्र आधी तपासायलाच हवी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. सौर पॅनेलचे हूक बसवायला त्यात भोकं पाडली की त्याचे बारीक तंतू फुप्फुसात जातात. असे पत्रे प्रशिक्षित माणसांकडूनच, ओले करून, न फोडता उतरवून घ्यायला हवेत. कंत्राटदार घाईत असला तरी.

याच हडपसरात वास्तुविशारद क्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉन कंपनीसाठी रचलेला ‘वन अर्थ’ परिसर आहे. हरित इमारतींचं सर्वोच्च लीड प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालेली ही नवी वास्तू चौक, सावली आणि पाण्याभोवती गुंफलेली आहे. नव्याने बांधणाऱ्यांनी चौक पुन्हा शोधला आणि गावठाणात चौकावर पत्रे पडत गेले, याची मला खंत वाटते.

वाड्यांचं आगीचं भय खरं आहे. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला तो अनेक दिवस धुमसत होता. लाकडी खणांत जुन्या, विटलेल्या वायरींवर तीन-तीन एसींचा भार टाकणं म्हणजे तीच आग आमंत्रणाने बोलावणं. नवी वायर धातूच्या नळीतून, भिंतीवरून उघडी न्यावी. दगडात चर मारू नये. प्रत्येक मजल्याला वेगळा एमसीबी आणि गळती ओळखणारा स्विच असावा. उघडी नळी दिसायला बरी नाही असं मालक म्हणतात, पण उद्या काही बिघडलं तर ती भिंत न फोडता काढता येते, आणि शंभर वर्षांच्या भिंतीवर हात टाकताना ही सोय फार मोलाची आहे.

राहिला रात्रीचा प्रश्न. सगळं गणित उघड्या खिडकीवर उभं आहे आणि खिडकी उघडी ठेवायला माणूस घाबरतो: डेंग्यूचे डास, चोर, सोलापूर रस्त्याची धूळ. दाट जाळी वारा बराच अडवते, म्हणून जाळी लावायची तर तिचं क्षेत्रफळ वाढवावं, चौकाकडे उघडणारे झरोके आधी मोकळे करावेत आणि रस्त्याकडच्या खिडक्या बंदच ठेवाव्यात. वरच्या झरोक्याला कुलूप लागेल असा लोखंडी गज बसवायला गावातल्या फॅब्रिकेटरला अर्धा दिवस पुरतो.

शनिवारी सकाळी शिडी लावून पोटमाळ्यावर चढा. तिथल्या झरोक्यावर खिळे ठोकून बसवलेली फळी कुणी कधी लावली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना बहुधा आठवत असेल.