फुकटचे धान्य कोणत्या नियमांनी येते? पी.एल. ४८० पासून आजपर्यंत

बांधावरचे गाजरगवत उपटताना गावातली जुनी माणसे त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हणतात आणि ‘हे अमेरिकेच्या गव्हातून आले’ असेही सांगतात. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी आठवते. या सगळ्या आठवणींना कायद्याची एक बाजू आहे. एका देशाने दुसऱ्या देशाला धान्य द्यायचे तर ते दान म्हणून की उधारीवर, कोणत्या अटींवर, आणि घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव न पाडता कसे द्यायचे, याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. मोंढ्यात ज्वारी, तूर, सोयाबीन नेणाऱ्या माणसाशी त्यांचा संबंध येतो, म्हणून या वेळी पिकाऐवजी हा विषय घेतला आहे.

पी.एल. ४८० म्हणजे नेमके काय?

‘पब्लिक लॉ ४८०’ म्हणजे अमेरिकेच्या ८३ व्या काँग्रेसने केलेला ४८० वा कायदा. नावाचा अर्थ एवढाच. १० जुलै १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी त्यावर सही केली. त्याचे पूर्ण नाव ‘कृषी व्यापार विकास व साहाय्य कायदा’. त्यात व्यापार आधी आणि साहाय्य नंतर आहे, हे लक्षात घ्या. त्या काळी अमेरिकेच्या सरकारी गोदामांत गव्हाचे ढीग साचले होते आणि ते कुठेतरी काढायचे होते.

कायद्यात तीन वाटा होत्या. पहिली, घेणाऱ्या देशाच्या चलनात विक्री. दुसरी, दुष्काळ-आपत्तीसाठी देणगी. तिसरी, वस्तूंची अदलाबदल. भारतात आलेला बहुतेक गहू पहिल्या वाटेने आला. म्हणजे तो फुकट नव्हता. भारत सरकार डॉलरऐवजी रुपयांत पैसे भरायचे आणि ते अमेरिकेच्या नावाने भारतातच जमा व्हायचे. त्यातला काही भाग अमेरिका आपल्या वकिलातीच्या खर्चाला वापरी, बराचसा भारतालाच विकासकामांसाठी कर्ज किंवा अनुदान म्हणून परत मिळे.

पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. सर्वांत मोठा करार मे १९६० मध्ये वॉशिंग्टनला झाला. भारताच्या बाजूने सही करणारे अन्नमंत्री आपल्याकडचेच, स. का. पाटील. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो करार होता. रुपयांचा साठा पुढे इतका फुगला की १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातले १,६६४ कोटी रुपये भारताला एकरकमी सोडून दिले.

अटी कोणाच्या भल्यासाठी होत्या?

मदतीच्या धान्याला त्या वेळी दोन मोठ्या अटी असत. एक, हे धान्य किंवा तसेच आपले धान्य दुसऱ्या देशाला विकायचे नाही. दोन, दरवर्षी बाहेरून जेवढे धान्य रोखीने घेता तेवढे घेणे चालूच ठेवायचे. मदतीचे धान्य त्याच्या वर. हीच ‘नेहमीच्या खरेदीची अट’. १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जादा धान्याच्या विल्हेवाटीची तत्त्वे ठरवली, त्यांवर ती उभी आहे.

समजा तुमच्या गावात दरवर्षी बाहेरच्या व्यापाऱ्याकडून पन्नास क्विंटल गहू येतो. एका संस्थेने यंदा पन्नास क्विंटल फुकट वाटले तर व्यापाऱ्याचा धंदा बुडाला. म्हणून नियम म्हणतो, व्यापाऱ्याचे पन्नास घ्याच, मग फुकटचे घ्या. यात व्यापारी वाचला. पण त्याच गावात गहू पिकवणाऱ्याचे काय? शंभर क्विंटल बाहेरचा गहू आल्यावर त्याच्या दहा पोत्यांना भाव कोण देणार?

माझ्या मते या नियमांची खरी खोच इथे आहे. तत्त्वांमध्ये घेणाऱ्या देशाच्या उत्पादनाला धक्का लागू नये असे शब्द होते, पण मोजमाप करता येईल अशी अट कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना यांसारख्या विकणाऱ्या देशांसाठी होती. कोरडवाहू ज्वारीवाल्यासाठी तशी मोजपट्टी नव्हती.

अमेरिकी गव्हाने भारतातले भाव पडले का, यावर अर्थतज्ज्ञांत बराच वाद झाला. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच हा धोका मांडला होता. नंतरच्या काही अभ्यासकांनी दाखवले की गहू स्वस्त धान्य दुकानांतून वेगळ्या वाटेने गेला, ज्यांची ऐपत नव्हती त्यांनी तो खाल्ला, त्यामुळे खुल्या बाजारावरचा दाब वाटतो तेवढा नव्हता. दोन्हींत तथ्य आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो सवयीचा बदल: रेशनवर गहू मिळू लागला की भाकरीच्या घरात चपाती येते, आणि ज्वारीला पुन्हा तीच मागणी राहत नाही.

जहाजातून थेट तोंडात

१९६५ आणि १९६६ अशी दोन वर्षे देशात पाऊस फसला. १९६६ मध्ये सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आले. नेमक्या त्याच वेळी अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार टाळून थोडा थोडा गहू सोडण्याचे धोरण धरले. पुढचे जहाज निघणार की नाही, हे शेवटपर्यंत कळत नसे. कायद्याच्या दृष्टीने त्यांचे काही चुकले नव्हते. देणाऱ्याने किती आणि कधी द्यायचे, हे त्याच्या मर्जीवर होते. घेणाऱ्याला हक्क नव्हता. १९६६ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन ‘घेणाऱ्या देशाने स्वतःची शेती सुधारण्यासाठी काय केले’ हेही पाहिले जाऊ लागले.

आपल्याकडे भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग हे दोन्ही १९६५ चे. आज ज्या हमीभावावर आपण वाद घालतो त्याचा जन्म या टंचाईच्या काळातला आहे.

१९७१ च्या अखेरीस सवलतीचा गहू घेणे भारताने थांबवले. त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळात आलेली मिलो सरसकट ‘अमेरिकेचे दान’ समजणे बरोबर नाही. साठच्या दशकात मिलो पी.एल. ४८० खाली आली होती हे खरे, पण १९७२-७३ मध्ये सरकारने परदेशातून धान्य मोठ्या प्रमाणात विकत आणले. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने २० लाख टन गहू दिला, तोही गव्हाच्या रूपातच परतफेड करायच्या उधारीवर. परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झाले ते १८ मे १९७२ रोजी, म्हणजे याच दुष्काळाच्या तोंडावर.

मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडून मिळालेल्या मजुरीतून माणूस धान्य घेऊ शकला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीला त्या अनुभवातून बळ मिळाले आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. पोत्याऐवजी हातात पैसा देण्याची ही रीत जगाच्या करारांत बऱ्याच उशिरा आली.

आज कोणते नियम लागू आहेत?

१९६७ मध्ये देणाऱ्या देशांनी अन्नमदत करार केला. प्रत्येकाने वर्षाला किमान किती टन द्यायचे हे त्यात ठरले. त्याच्या जागी २०१२ मध्ये नवा अन्नसाहाय्य करार झाला आणि तो १ जानेवारी २०१३ पासून लागू आहे. त्यात धान्याबरोबर रोख रक्कम आणि कूपन हीसुद्धा मदत धरली जाते. मात्र किती द्यायचे ते प्रत्येक देश स्वतःच ठरवून जाहीर करतो. भारत या कराराचा सदस्य नाही.

दुसरी चौकट जागतिक व्यापार संघटनेची. १९९५ पासून लागू असलेल्या कृषी करारातील कलम १०.४ सांगते की अन्नमदत व्यापारी निर्यातीशी बांधू नये आणि शक्य तितकी ती पूर्ण अनुदान म्हणून द्यावी. डिसेंबर २०१५ मध्ये नैरोबीच्या मंत्रिपरिषदेने हे नियम घट्ट केले. मदत गरजेवर आधारित हवी, पूर्ण अनुदान हवी, आपला माल तिथे रुजवण्याच्या हेतूने देऊ नये. आणि तुमच्या-माझ्या कामाचे कलम असे: धान्यरूपी मदतीमुळे स्थानिक किंवा शेजारच्या भागातील उत्पादनावर वाईट परिणाम होण्याची शक्यता दिसत असेल तर अशी मदत टाळावी, आणि शक्य तिथे त्याच भागातून धान्य खरेदी करून वाटावे. मदतीचे धान्य बाजारात विकून पैसा उभा करण्यावरही मर्यादा आल्या. अमेरिकेने स्वतःच्या कायद्यात स्थानिक उत्पादनाला धक्का न लावण्याची तपासणी १९७७ मध्येच घातली होती. सर्व देशांसाठी ती स्पष्ट शब्दांत यायला आणखी ३८ वर्षे लागली.

एक गोष्ट वेगळी ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली, तेव्हा सोयाबीन उत्पादक संतापले होते. तो व्यापार होता. अन्नमदतीचे वरचे संरक्षण व्यापारी आयातीला लागू होत नाही. तिथे फक्त आयात शुल्क आणि सरकारचे धोरण कामाचे.

नियम कसे द्यायचे ते सांगतात, द्यायलाच लावत नाहीत. पी.एल. ४८० चा वारसा चालवणारी अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड १ जुलै २०२५ पासून बंद झाली, आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्याविरुद्ध दाद मागता आली नाही. आपल्या देशात मात्र रेशनचे धान्य हा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ खाली हक्क आहे. न मिळाल्यास तक्रार करता येते.

आता भारत देणारा

फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारी सीमेवरून भारताच्या गव्हाचे ट्रक अफगाणिस्तानकडे निघाले. ५० हजार टनांची ती देणगी होती आणि वाटप जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत झाले. त्याच वर्षी १३ मे रोजी भारताने गव्हाची निर्यात बंद केली. जूनमध्ये जिनिव्हाला ठरले की जागतिक अन्न कार्यक्रमाने मानवतेसाठी केलेल्या खरेदीवर कोणत्याही देशाने निर्यातबंदी लावू नये. देशांतर्गत अन्नसुरक्षेसाठी उपाय करण्याची मुभा मात्र राखली गेली.

भारताची मागणी याच्या पुढची आहे. हमीभावाने घेतलेल्या सरकारी साठ्यातून दुसऱ्या सरकारला गरजेच्या वेळी धान्य देता यावे, असे आपण मांडतो. विरोधक म्हणतात, अनुदानाचा साठा बाहेर गेला तर इतर देशांच्या शेतकऱ्यांचे भाव पडतील. १९५४ मध्ये आपण ज्या बाजूला होतो त्याच्या बरोबर उलट बाजूला आता उभे आहोत. सरकारी साठ्याला २०१३ च्या बाली परिषदेत तात्पुरते संरक्षण मिळाले. कायमचा तोडगा अजून निघालेला नाही. हमीभावाने खरेदी किती होणार हे या वाटाघाटींवरही अवलंबून असते, म्हणून त्या बातम्या वाचत चला.

धान्याबरोबर येणारे तण

सुरुवातीच्या गाजरगवताकडे येऊ. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास लक्षात आले, आणि पी.एल. ४८० चा पहिला करार १९५६ चा. म्हणजे तारखा जुळत नाहीत. त्याआधी १९५१ च्या अमेरिकी कर्जातूनही गहू आला होता, आणि हे झाड भारतात असल्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या नोंदीही आहेत. परदेशी धान्यातून त्याचा प्रसार वाढला असेल, पण सगळा दोष पी.एल. ४८० वर टाकता येत नाही.

आज आयात धान्याला वनस्पती विलगीकरण आदेश २००३ लागू आहे आणि त्यात तणांच्या बियांची यादी आहे. तरीही २००६-०७ मध्ये विकत आणलेल्या गव्हात नवी तणे आढळली आणि जबलपूरच्या तण संशोधन केंद्राला देशभर पाहणी करावी लागली. जीएम धान्यासाठी वेगळी परवानगी लागते. २००२-०३ मध्ये स्वयंसेवी संस्थांनी अमेरिकेतून मागवलेले मका-सोया मिश्रण जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने याच कारणावरून अडवले होते. मदत आहे म्हणून तपासणीत सूट मिळत नाही.

तुमच्यासाठी काम एवढे: रेशनचे किंवा बाहेरून आलेले खाण्याचे धान्य बियाणे म्हणून कधीही पेरू नका. त्यातील चाळण उकिरड्यावर टाकण्याऐवजी जाळा. ओळखीचे नसलेले तण दिसले तर फुलावर येण्याआधी कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. गाजरगवत हातमोजे घालून फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटा; फुलावर आलेले झाड कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. पडीक जागेत आणि रस्त्याकडेला पावसाळ्यात, झाडे कोवळी असताना, मेक्सिकन भुंगे सोडावेत. भुंग्यांसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठातील परोपजीवी कीटक संशोधन योजनेकडे चौकशी करा, आणि सोडल्यानंतर त्या पट्ट्यात तणनाशक किंवा कीटकनाशक फवारू नका.