सातबाऱ्यावरचं नाव नेमकं कोण बदलू शकतं? लॉगिन, अंगठा आणि डोंगलचा कारभार समजून घ्या

सातबारा ऑनलाइन झाल्यापासून गावोगावी एक प्रश्न हमखास विचारला जातो. "कॉम्प्युटरवर कुणीही बसून माझं नाव उडवू शकतो का?" नियमाने पाहिलं तर नाही. पण नियम पाळला नाही तर काय होतं, हेही शेतकऱ्याला माहीत पाहिजे.

ई-फेरफार प्रणालीत सगळ्या गावांचं रेकॉर्ड एकाच ठिकाणी साठवलेलं असतं, पण प्रत्येकाला चावी वेगळी. तालुक्याला एका नायब तहसीलदाराकडे डीबीएचं काम असतं. डीबीए म्हणजे या डेटाबेसचा ॲडमिन. तलाठ्याचं (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि मंडळ अधिकाऱ्याचं खातं तयार करायचं, कुणाला कोणती गावं द्यायची ते ठरवायचं, बदली झाली की जुनी गावं काढून घ्यायची, हे त्यांचं काम. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन माणसं घेतो-काढतो, तसंच. चाव्या वाटायच्या, फेरफार धरायचा नाही.

फेरफार धरतो तलाठी. खरेदीखत झालं की दुय्यम निबंधक कार्यालयातून माहिती थेट त्याच्या लॉगिनला येते. वारस किंवा बोजा असेल तर अर्जावरून नोंद घेतली जाते. मग नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी आपल्या लॉगिनमधून नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 मध्ये ही पद्धत कागदी वहीच्या काळापासूनच आहे, कॉम्प्युटरने फक्त ती लॉगिनमध्ये बसवली.

लॉगिनला अंगठा लागतो आणि डिजिटल सहीचा डोंगल लागतो. पेनड्राइव्हसारखा दिसतो, पण त्यात त्या अधिकाऱ्याची सही असते. तो दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे कोऱ्या स्टॅम्पवर सही करून देण्यासारखंच. काही ठिकाणी कामाचा बोजा आहे म्हणून खासगी मदतनीस, ज्याला लोक 'झिरो तलाठी' म्हणतात, तोच डोंगल लावून बसलेला दिसतो. दोन्ही अधिकाऱ्यांचे डोंगल एकाच टेबलावर आले, तर लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. मग 15 दिवसांच्या नोटिशीलाही अर्थ राहत नाही. पुढे चौकशी लागली तर रेकॉर्डला नाव निघतं अधिकाऱ्याचं, मदतनिसाचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 सी प्रमाणे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

उलट त्रासही असतो. तलाठ्याची बदली झाली, साझ्याचा जादा कारभार शेजारच्या गावच्या तलाठ्याकडे गेला, पण डीबीएने गाव त्याच्या खात्याला जोडलंच नाही. किंवा डोंगलची मुदत संपली. मग शेतकरी चार चकरा मारतो आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच, "सर्व्हर डाऊन आहे." अशा वेळी तहसील कार्यालयात जाऊन सरळ विचारावं, 'आमचं गाव कुणाच्या लॉगिनला आहे?' निम्म्या वेळा अडचण तिथंच सापडते.

शेतकऱ्याच्या हातात काय आहे? महाभूमी संकेतस्थळावर 'आपली चावडी' उघडा, जिल्हा-तालुका-गाव निवडा. चालू फेरफारांची यादी, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. पैसे लागत नाहीत. महिन्यातून दोनदा पाहिलं तर 15 दिवसांतली बहुतेक नोटीस नजरेतून सुटत नाही. मुंबई-पुण्याला राहणाऱ्या भावाबहिणींनी तर हे जरूर करावं, कारण वारस नोंदीत नाव गाळलं जातं ते बहुतेक गावात नसलेल्यांचंच.

आपला गट यादीत दिसला आणि व्यवहार माहीत नसेल, तर मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. पोच घ्या, तोंडी सांगून भागत नाही. हरकत आली की नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते.

'टायपिंगची चूक दुरुस्त करून देतो' असं कुणी म्हटलं तर आधी कलम 155 चा आदेश विचारा. ती दुरुस्ती तहसीलदारांच्या आदेशानेच होते आणि संबंधितांना नोटीस द्यावी लागते. चुकीची नोंद प्रमाणित झालीच असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करता येतं. त्याला फेरफाराची प्रमाणित नक्कल लागते, ती आधी काढून ठेवा.