खोक्यावरचे ५२५ पट

दुर्बीण घरात आली की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘हिच्यातून किती लांबचं दिसतं हो?’ खरं उत्तर दिलं तर कुणाला पटत नाही, कारण लांबचं पाहायला दुर्बीण लागतच नाही. डिसेंबरात अमावास्येच्या आसपास अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला जाऊन मान वर केली, तर देवयानी तारकासमूहात एक फिकट पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसतो. ती देवयानी दीर्घिका. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं. तोच पुंजका नगरजवळच्या नागापूरच्या गच्चीवरून दिसत नाही, आणि यात अंतराचा काही दोष नाही. दोष एमआयडीसीच्या आणि मनमाड रस्त्याच्या दिव्यांचा आहे.

दुसरा प्रश्न जरा माहीतगाराचा असतो : ‘किती एक्सची आहे?’ घरोघरच्या निराशेचं मूळ याच प्रश्नात आहे, आणि त्याचं उत्तर खोक्यावरच छापलेलं असतं. मुलाच्या वाढदिवसाला म्हणून घेतल्या जाणाऱ्या छोट्या दुर्बिणींवर ‘५२५ पट’ असा ठसठशीत आकडा असतो. तो येतो कुठून, ते पाहण्यासारखं आहे. नळीतला आरसा ७६ मिलिमीटरचा, त्याची फोकल लेंग्थ ७०० मिलिमीटर. सोबत ४ मिलिमीटरचा एक आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. डब्यात तीनपट वाढवणारी एक बार्लो भिंगाची नळीही असते. १७५ गुणिले ३ म्हणजे ५२५. गणित चोख आहे आणि दिसत काहीच नाही.

कारण मोठेपणा वाढवायला उजेड लागतो आणि बारकावा लागतो, आणि हे दोन्ही ठरवतो तो आरशाचा किंवा पुढच्या भिंगाचा व्यास. ढोबळ नियम असा, की व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच मोठेपणा कामाचा. म्हणजे ७६ मिलिमीटरला फार तर दीडशे पट. त्यापुढे प्रतिमा फुगते, पण तपशील वाढत नाही. लग्नातल्या ग्रुप फोटोतून आपला चेहरा कापून फ्लेक्सवर छापावा, तसं होतं. शनी पिवळट डाग दिसतो, तो डागही हातभर थरथरतो, आणि आठवड्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते.

ज्यांचं आयुष्य दुर्बिणीपाशी गेलं, ती माणसं दुर्बिणीची ओळख कशी करून देतात ते ऐकावं. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी तिथे ग्रब कंपनीची दुर्बीण आणवली. तिची ओळख ‘वीस इंची’. त्या काळी भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली, तिथे तिला ‘भावनगर दुर्बीण’ म्हणू लागले. आयुकाची गिरवलीची दुर्बीण दोन मीटरची. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटरच्या. प्रत्येक ठिकाणी व्यासच सांगतात. ‘पट’ कुणी विचारत नाही, कारण पट आयपीस बदलला की बदलतात.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र शोधले ते सुमारे २० पटीच्या दुर्बिणीने. आज १० बाय ५० ची, म्हणजे दहा पटींची आणि ५० मिलिमीटर व्यासाची, साधी द्विनेत्री हात न हलवता धरली, तर तेच चंद्र गुरूच्या दोन्ही बाजूंना ओळीत टिपता येतात. पहिली खरेदी द्विनेत्रीच असावी, असं जुने निरीक्षक सांगतात तेव्हा ते गिऱ्हाइकाला कटवत नसतात.

मग व्यास जितका मोठा तितकं बरं? इथे दुसरा गैरसमज सुरू होतो. १३० मिलिमीटरचा आरसा ७६ च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश गोळा करतो, हे खरं. २०० चा त्याहून कितीतरी जास्त. पण २०० ची नळी आणि तिचं बूड मिळून एवढं वजन होतं, की रोज रात्री तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढवणारा माणूस महिन्याभरात थकतो. आठवड्यातून तीनदा बाहेर निघणारी १३० ची दुर्बीण वर्षातून तीनदा निघणाऱ्या २०० पेक्षा जास्त आकाश दाखवते. घ्यायच्या आधी दोन-चार जणांच्या दुर्बिणींतून पाहून घ्यावं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींची आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आलं आहे. नगरहून पुण्याला एक फेरी मारणं चुकीची दुर्बीण घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

स्टँडबद्दलही असाच समज. दोन तिरके दांडे, वजनं आणि अंशांच्या चकत्या असलेला विषुववृत्तीय स्टँड ‘शास्त्रीय’ दिसतो म्हणून नवखा तोच उचलतो. सोबतच्या पुस्तिकेतल्या चित्रात त्याचा अक्ष बऱ्याचदा चाळीस-पन्नास अंशांवर उभा दाखवलेला असतो, आणि आपल्याकडेही तो तसाच लावला जातो. ती चित्रं युरोप-अमेरिकेतल्या गिऱ्हाइकासाठी काढलेली. नागापूरचा अक्षांश साधारण १९ अंश, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजावर तेवढाच वर, आणि स्टँडचा अक्षही १९ वरच हवा. नाहीतर मागोवा घेण्यासाठी फिरवायचा दांडा ताऱ्यांपासून दूर पळवतो. यातून सुटकेची वाट डॉब्सनने दाखवली. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात १९४४ मध्ये संन्यासी म्हणून दाखल झाला, म्हणजे पुण्यात परिसंस्था सुरू झाली त्याच वर्षी. मठात लपूनछपून आरसे घासायचा; शेवटी १९६७ मध्ये याच नादापायी त्याला मठ सोडावा लागला. त्याचा स्टँड म्हणजे प्लायवूडची पेटी : वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढंच. नवख्याला एवढंच पुरतं.

आता आयपीस. इथे उलटा हिशोब असल्यामुळे घोटाळा होतो : त्यावरचा आकडा जितका लहान, तितका मोठेपणा जास्त. १३० मिलिमीटर व्यासाची, ६५० फोकल लेंग्थची दुर्बीण घेतली, तर २५ मिलिमीटरचा आयपीस २६ पट देतो, १० चा ६५ पट. आणि सुरुवात नेहमी २५ ने करायची. का, ते असं. प्लॉस्ल जातीच्या २५ मिलिमीटरच्या आयपीसमधून या दुर्बिणीत आकाशाचा सुमारे दोन अंशांचा तुकडा दिसतो, म्हणजे चार पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर मावतील एवढा. कृत्तिका त्यात जेमतेम बसतात. ४ चा आयपीस लावला तर तुकडा अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा उरतो. सुईच्या छिद्रातून दोरा ओवल्यासारखं ताऱ्याला शोधावं लागतं. सापडला तरी पृथ्वी थांबत नाही. ती तासाला १५ अंश फिरते, म्हणून तारा दीड मिनिटाच्या आत छिद्राबाहेर. ‘दुर्बीण हलते’ अशी तक्रार येते ती इथून. हलत असते ती पृथ्वी.

चष्मेवाल्यांना वाटतं की हा छंद आपला नाही. फक्त जवळचं किंवा लांबचं कमी दिसत असेल तर चष्मा काढून ठेवावा. फोकसचं चाक तेवढी भरपाई करतं. दंडगोलाकार नंबर मात्र चाकाने जात नाही. अशांनी डोळा काचेपासून थोडा लांब ठेवता येईल असा आयपीस निवडावा. ४ मिलिमीटरच्या साध्या आयपीसला पापण्या घासल्याशिवाय काही दिसत नाही.

सगळ्यांत जास्त संध्याकाळी वाया जातात त्या फाइंडरमुळे. मोठ्या नळीच्या पाठीवरची ही छोटी नळी, किंवा लाल ठिपक्याची काच, दुकानातून येते तेव्हा भलतीकडेच पाहत असते. लोक ती अंधारात ताऱ्यावर लावायला जातात आणि तासभर शिव्या देतात. हे काम दिवसाचं आहे. दुपार कलल्यावर, सूर्य पाठीशी पश्चिमेला असताना, २५ चा आयपीस घालून पूर्वेकडची एखादी लांबची ठळक खूण धरायची. टाकी, मोबाइलचा टॉवर, काहीही. किमान एखादा किलोमीटर लांब हवं. नगरकरांना यासाठी आयतीच खूण मिळाली आहे : जिथून डोंगर दिसतो तिथून चांदबिबी महाल. (ती वास्तू चांदबिबीची नाही, निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे. पण हा गैरसमज एवढा जुना, की त्याला आता धक्का लावण्यात अर्थ नाही.) महालाचं टोक मुख्य दुर्बिणीत मधोमध आणायचं, स्टँड आवळायचा आणि मोठ्या नळीला हात न लावता फाइंडरचे बारके स्क्रू फिरवत त्याची फुली त्याच टोकावर न्यायची. मग १० चा आयपीस घालून पुन्हा एकदा. दहा मिनिटांचं काम. आरशाच्या दुर्बिणीत महाल उलटा लोंबताना दिसेल. ते बिघाडाचं लक्षण नाही. आकाशाला वर-खाली नसतं, म्हणून कुणी ते सुलटं करण्यासाठी आणखी काच घालून प्रकाश वाया घालवत नाही.

आरशाच्या दुर्बिणीला आणखी एक तपासणी लागते, विशेषतः मोटारसायकलवरून खड्डे खात आणली असेल तर. ध्रुव जवळजवळ जागचा हलत नाही म्हणून तो सोयीचा. त्याला मधोमध आणून फोकस किंचित बिघडवायचा. तारा फुगून वर्तुळ होतो आणि आत छोट्या आरशाची काळी सावली दिसते. ती बरोबर मध्ये असेल तर काही करू नका. एका बाजूला सरकली असेल तर मोठ्या आरशामागचे स्क्रू थोडे थोडे, फेऱ्याच्या आठव्या हिश्श्याने, फिरवा. भिंगाच्या दुर्बिणीला याची सहसा गरज पडत नाही. आरशावर धूळ दिसली म्हणून रुमालाने पुसणारे मात्र आरशाचं खरं नुकसान करतात. थोड्या धुळीने चित्राला काही होत नाही, ओरखड्याने होतं. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, ती त्याहून वाईट. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

एवढं करूनही एप्रिलात गुरू उकळत्या पाण्यातल्या नाण्यासारखा दिसतो. दुर्बीण नव्हे, स्लॅब तापलेला असतो. दिवसभर तापलेली गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडते आणि नळीसमोरची हवा नाचवते. मातीच्या अंगणात किंवा पहाटे पाहावं, आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवावी. खिडकीच्या काचेतून पाहण्याचा तर विचारच नको.

पौर्णिमेला चंद्र उत्तम दिसतो, हाही असाच जुना समज. त्या दिवशी सूर्यप्रकाश चंद्रावर समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि विवरं सपाट दिसतात. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर पाहा. डोंगरांच्या लांबलांब सावल्या पडलेल्या असतात. मृगातला तेजोमेघ फोटोतल्यासारखा गुलाबी का दिसत नाही, असं विचारणाऱ्यांना सांगावं की मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत, राखाडीच दिसतं. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. शहरातून ग्रह आणि चंद्र मात्र अंधाऱ्या गावाइतकेच छान दिसतात, दिवे त्यांना हरवू शकत नाहीत. वसिष्ठ-अरुंधती लग्नात दाखवतात, पण छोट्या दुर्बिणीतून पाहिलं तर वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो, १४ विकलांच्या अंतराने. ती जोडी सुटी दिसली, तर फोकस ठीक आहे असं समजावं.

मंद पुंजक्यांसाठी मात्र गावाबाहेरच जायला हवं. नागापूर शहराच्या उत्तरेला असल्यामुळे नगरचा उजेड नेमका दक्षिणेकडे पडतो, आणि युरोपातून बहुतेक ठिकाणी न दिसणारा ओमेगा सेंटॉरी हा भला मोठा तारकागुच्छ त्याच बाजूला, मे महिन्यात जेमतेम २३ अंशांवर येतो. तो शहराच्या दक्षिणेला जाऊनच पाहावा. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं अंधारं आकाश उद्यान म्हणून जाहीर झाला, तो अशाच अंधारासाठी.

एक गोष्ट मात्र गैरसमज म्हणून हसून सोडण्यासारखी नाही. काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसला लावायची काळी ‘सूर्य काच’ मिळते. ती फेकून द्या. आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या काचेवर येते, ती तडकते, आणि पाठोपाठ डोळा जातो. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, आणि फाइंडरचं झाकण बंद.

२०२५ मध्ये ज्यांनी दुर्बीण घेतली, त्यांनी शनीचं कडं ओळीसारखं बारीक पाहिलं आणि दुकानदाराला दोष दिला. त्या वर्षी मार्चमध्ये कड्याची कडा पृथ्वीकडे होती, एवढंच. आता ते दरवर्षी थोडं थोडं उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडं दिसेल. त्याला पाहायला ५२५ पट नकोत; पन्नास पुरतात. माळ्यावरची नळी खाली काढा, आधी २५ चा आयपीस लावा, आणि बार्लो डब्यातच राहू द्या.