हानबोक : सणाच्या दिवसाची निवड (लेखांक 6)

मागील भागात हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखाच्या जडणघडणीचे विवेचन झाले. प्रस्तुत भागाचा विषय आहे, कुटुंब एकत्र येते त्या सणांसाठी हा पोशाख कसा निवडतात. असे दोन सण प्रमुख मानले जातात : थंडीच्या ऐन कडाक्यात, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येणारा चांद्र नववर्षाचा सॉल्लाल, आणि चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेचा, सुगीचा छुसॉक. दोन्ही दिवशी सकाळी ‘छार्ये’ हा पूर्वजांना नैवेद्य अर्पण करण्याचा विधी होतो. सॉल्लालला त्यानंतर घरातील लहानथोर मंडळी वडीलधाऱ्यांना ‘सेबे’ हा नववर्षाचा नमस्कार करतात. हा नमस्कार जमिनीवर बसून, पुढे झुकून करायचा असल्याने सणाच्या हानबोकची खरी पारख तो घालून वाकताना होते. रंगाचा विचार त्यानंतरचा.

स्त्रियांच्या पोशाखात ‘जॉगोरी’ हा आखूड अंगरखा आणि ‘छिमा’ हा छातीपासून पावलांपर्यंत उतरणारा घेरदार घागरा असतो. जॉगोरीला गुंड्या नसतात. आपल्याकडच्या बाराबंदीप्रमाणे ती बंदांनी बांधली जाते, मात्र तिचे ‘गोरुम’ हे दोन लांब बंद छातीवर एकाच फासाची गाठ देऊन खाली मोकळे सोडलेले असतात. मोठा नमस्कार करताना स्त्री उजवा हात डाव्यावर ठेवून दोन्ही हात कपाळाच्या उंचीपर्यंत नेते, सावकाश खाली बसते आणि पुढे झुकते. या हालचालीत छिमाचा घेर तिच्याभोवती पसरतो आणि गुडघ्यांची सारी हालचाल त्याखाली झाकली जाते. छिमा अपुऱ्या घेराची असेल तर बसताना ती ताणली जाते, आणि जॉगोरी काखेत तंग असेल तर हात कपाळापर्यंत पोहोचतच नाहीत. सोलमधील राजवाड्यांच्या आसपास भाड्याने मिळणाऱ्या अनेक पोशाखांत छिमाखाली तारेच्या कड्यांचा परकर असतो. हानबोक घालून येणाऱ्यांना राजवाड्यांत प्रवेश विनामूल्य असल्याने या पोशाखांना मोठी मागणी आहे. तथापि त्यांच्या घाटाने परंपरेपासून फारकत घेतल्याची टीका होत आली असून 2024 मध्ये कोरियाच्या वारसा खात्याच्या प्रमुखांनीही तशी चिंता व्यक्त केली. छायाचित्रापुरता तो परकर शोभतो, परंतु जमिनीवर बसताना त्याची कडी वर उचलली जातात. म्हणून घरच्या सणासाठी तो टाळणेच इष्ट.

पुरुषांच्या पोशाखात जॉगोरीखाली ‘बाजी’ ही सैल विजार असते, जिचे पाय घोट्याशी फितीने बांधतात. त्यावर बंडी किंवा ‘मागोजा’ हे बिनगळ्याचे जाकीट येते. सर्वांत वर ‘दुरुमागी’ हा लांब अंगरखा घातला जातो, आणि त्याच्या बाबतीत एक संकेत लक्षात ठेवण्याजोगा आहे : छार्ये आणि सेबे या दोन्ही प्रसंगी पुरुषाने दुरुमागी घरातही अंगावर ठेवणे शिष्टसंमत मानले जाते, तर स्त्रीची दुरुमागी हे बाहेर जाण्याचे वस्त्र असल्याने ती घरात येताच उतरवायची असते. पुरुषासाठी पोशाख निवडताना दुरुमागी वगळून खर्च वाचवण्याचा मोह होतो. पण विधीत भाग घ्यायचा असेल तर मागोजा वगळलेला चालतो, दुरुमागी नव्हे.

कापड ऋतूप्रमाणे बदलते. सॉल्लालला अस्तर लावलेले जाड रेशीम किंवा आत कापूस घालून बारीक टाके घातलेले कापड उपयोगी पडते. छुसॉक सप्टेंबरात किंवा ऑक्टोबरच्या प्रारंभी येत असल्याने त्यासाठी हलके रेशीम घेतात. ‘मोशी’ हे रॅमी या वनस्पतीच्या तंतूंचे पारदर्शक कापड कितीही मोहक असले, तरी ते भर उन्हाळ्याचे होय. हानसान येथील मोशी विणण्याची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2011 मध्ये समाविष्ट झाली.

रंगांविषयीचे जुने संकेत नात्यांशी बांधलेले होते. हिरवी जॉगोरी आणि लाल छिमा ही जोडी नववधूची. जांभळट गोरुम पती हयात असल्याची, तर बाह्यांच्या टोकांची निळी पट्टी मुलगा असल्याची खूण मानली जाई. स्त्रीचे वैवाहिक आयुष्य तिच्या बाहीवर वाचले जावे, ही अपेक्षा आज कोणी धरू नये. या रंगसंगती केवळ देखणेपणासाठी स्वीकारण्यास काहीच हरकत नाही. संपूर्ण पांढऱ्या पोशाखाशी मात्र शोकाचा संबंध अद्याप जोडला जातो, म्हणून सणाला तो टाळलेला बरा. जॉगोरीच्या गळपट्टीवरची ‘दोंगजॉंग’ ही अरुंद पांढरी पट्टी याला अपवाद होय. ती वेगळी टाचलेली असते आणि मळली की उसवून नवी लावतात. जुना हानबोक पुन्हा सणाला काढताना एवढा एक बदल केला, तरी तो ताजा दिसतो.

मुलांसाठी सॉल्लालला नवे कपडे करण्याची रीत आहे. त्यांना ‘सॉल्बिम’ म्हणतात. त्यांच्या जॉगोरीच्या बाह्यांवर ‘सेकदोंग’ म्हणजे रंगीत आडवे पट्टे असतात, जे निळा, लाल, पिवळा, पांढरा आणि काळा या पाच दिशांच्या रंगांशी व अनिष्ट टळावे या इच्छेशी जोडले जातात. प्रत्यक्षात काळा रंग बहुधा गाळून हिरवा आणि गुलाबी घेतात. मूल झपाट्याने वाढत असल्याने किंचित मोठ्या मापाचा पोशाख घेऊन बाह्या आतून दुमडून टाचणे सोयीचे ठरते, मात्र छिमा किंवा बाजी पायात येईल इतकी लांब ठेवू नये, कारण त्या दिवशी घरात सर्वाधिक वेळा वाकून उठणारे तेच असते.